हिरव्या बटणाची दंतकथा

१/
महाराष्ट्रात कागदाची छायाप्रत कोणी मागत नाही. सगळे 'झेरॉक्स' मागतात. न्यायालयाबाहेर, तहसील कचेरीसमोर, महाविद्यालयाच्या फाटकाशी 'झेरॉक्स'ची पाटी हमखास दिसते. ज्या कंपनीचे नाव मराठी बोलण्यात असे मुरले, तिच्याच एका यंत्राभोवती संगणकाच्या इतिहासातील एक लोकप्रिय दंतकथा गुंफली गेली आहे. (थ्रेड)

२/
दंतकथा अशी : १९८० च्या दशकात एका मानवशास्त्रज्ञ स्त्रीने माणसांना झेरॉक्स यंत्राशी झगडताना पाहिले, अभियंत्यांना 'एक मोठे हिरवे बटण लावा' असा सल्ला दिला आणि तेव्हापासून प्रत काढणे सोपे झाले. गोष्ट आटोपशीर आहे आणि तात्पर्यही गोड आहे. अडचण एवढीच, की ती उलटी सांगितली जाते. हिरवे बटण त्या अभ्यासाच्या आधीपासून यंत्रावर होते, आणि अभ्यासाने प्रश्नचिन्ह लावले ते त्या बटणाने दिलेल्या वचनावरच.

३/
ही गोष्ट सुलट सांगायची तर आधी एका पद्धतीची ओळख हवी. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले आणि बेटवासीयांचे रोजचे व्यवहार टिपत गेले. १९२२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि 'क्षेत्रकार्य' ही मानवशास्त्राची ओळख बनली. अभ्यासकाने लोकांमध्ये दीर्घकाळ राहावे, लोक काय सांगतात तेही ऐकावे आणि काय करतात तेही पाहावे, हे तिचे सूत्र. अशा अभ्यासाला एथ्नोग्राफी म्हणतात.

४/
ही नजर दीर्घकाळ दूरच्या, बहुधा वसाहतींतील लोकांवर रोखलेली होती. कारखान्यांकडे ती क्वचित वळली. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रसिद्ध अभ्यासाला १९३० च्या दशकाच्या आरंभी डब्ल्यू. लॉइड वॉर्नर या मानवशास्त्रज्ञाचे मार्गदर्शन लाभले होते. परंतु संगणक घडवणाऱ्यांच्या दालनात मानवशास्त्रज्ञ जाऊन बसला आहे, हे दृश्य दिसायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली.

५/
ठिकाण : कॅलिफोर्नियातील पालो आल्टो. झेरॉक्स कंपनीने १९७० साली तिथे 'पार्क' नावाचे संशोधन केंद्र उघडले. १९७३ चा 'आल्टो' हा वैयक्तिक संगणक, लेझर प्रिंटर आणि संगणकांना जोडणारे इथरनेट ही याच केंद्राची देणगी. कागदाच्या प्रतींवर श्रीमंत झालेली कंपनी इथे उद्याच्या कार्यालयाचे स्वप्न पाहत होती. मात्र कार्यालयात माणसे नेमके काय करतात, याचे उत्तर अभियंत्यांनी बरेचसे गृहीत धरले होते.

६/
१९७९ साली बर्कली विद्यापीठातील मानवशास्त्राची एक विद्यार्थिनी या केंद्रात आली. तिचे नाव ल्यूसी सचमन. समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गार्फिंकेल यांच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. माणसे रोजच्या व्यवहारातली सुव्यवस्था क्षणोक्षणी, परस्परांच्या साहाय्याने कशी घडवतात, हा गार्फिंकेल यांचा विषय. सचमन यांनी हाच प्रश्न सोबत घेऊन एका लेखा विभागाचे दार ठोठावले.

७/
त्या काळी कार्यालयाचे संगणकीकरण म्हणजे कारकुनाच्या कामाची पायऱ्यापायऱ्यांनी यादी करून ती यंत्राला शिकवणे, असे मानले जाई. सचमन यांना टेबलावर वेगळेच दिसले. थकलेल्या एका बिलाचे प्रकरण उलगडताना कर्मचारी अर्धवट कागदांवरून 'काय घडले असावे' याचा माग काढत होते. शेवटी दप्तर असे तयार होई, की सारे नियमानुसारच पार पडले असे दिसावे. कार्यपद्धती ही कामाची सुरुवात असते असा समज होता. इथे ती कष्टाने गाठलेला शेवट होती. १९८३ साली त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला.

८/
याच सुमारास झेरॉक्सने एक मोठे, अनेक कामे करणारे प्रतयंत्र बाजारात आणले. जाहिरातीचा सूर होता : हिरवे बटण दाबा, बाकी यंत्र पाहून घेईल. ग्राहकांकडून मात्र तक्रारी येऊ लागल्या, की यंत्र फार अवघड आहे. सामान्य समजूत अशी, की अशा वेळी दोष दोघांपैकी एकाचा असतो : एक तर यंत्र सदोष, नाही तर वापरणारा अडाणी. सचमन आणि त्यांचे संगणकतज्ज्ञ सहकारी ऑस्टिन हेंडरसन यांनी निकाल आधी न देता यंत्रच संशोधन केंद्रात आणवले.

९/
मग त्यांनी सहकाऱ्यांना त्यावर प्रती काढायला सांगितले आणि समोर कॅमेरा ठेवला. चित्रफितीतील एका जोडीची ओळख इतिहासात राहिली. एक होते संगणकीय भाषाविज्ञानाचे अभ्यासक रॉन कॅप्लन. दुसरे ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्ता या विद्याशाखेच्या संस्थापकांपैकी एक. हे दोन विद्वान यंत्रासमोर उभे राहून सूचनांचा अर्थ लावत आहेत, चाचपडत आहेत, आणि हवी ती प्रत काही केल्या हाती येत नाही. वापरणाऱ्याच्या 'अडाणीपणाची' सबब या एका चित्रफितीने निकाली काढली.

१०/
या प्रसंगातला उपरोध आणखी खोल आहे. न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात माणसासारखी प्रश्न सोडवणारी संगणकप्रणाली रचली होती. ध्येय ठरवावे, त्याचे टप्पे पाडावेत, एकेक टप्पा ओलांडावा, हे तिचे तत्त्व. पुढे १९६० साली जॉर्ज मिलर, यूजीन गॅलँटर आणि कार्ल प्रिब्रॅम यांच्या ग्रंथाने योजना हाच मानवी वर्तनाचा गाभा असल्याचे मांडले. कृती म्हणजे डोक्यातील योजनेची अंमलबजावणी, हे मत पुढे संगणकशास्त्रात रूढ झाले.

११/
यंत्र सोपे करण्याचा जो प्रयत्न पार्कमध्ये चालला होता, तोही याच मतावर उभा होता. रिचर्ड फाइक्स यांनी एक 'जाणकार' मदतनीस प्रणाली तयार केली होती. वापरणाऱ्याने आरंभी आपले उद्दिष्ट सांगायचे. प्रणाली त्यावरून योजना ओळखणार आणि पडद्यावर एकेक सूचना देत जाणार. सचमन यांनी या प्रणालीसमोर नवख्या माणसांच्या जोड्या बसवल्या. जोड्या अशासाठी, की दोघे असले की बोलतात, आणि मनात काय चालले आहे ते कानांवर पडते.

१२/
दिलेले एक काम असे : बांधीव पुस्तकातील पानांच्या पाठपोट प्रती काढणे. झेरॉक्सच्या दुकानात हे रोज घडते. परंतु त्या यंत्रावर आधी पुस्तकाच्या पानांच्या सुट्या, एकतर्फी प्रती काढायच्या आणि मग तो गठ्ठा दुसऱ्या खणात घालून पाठपोट प्रती काढायच्या, असा द्राविडी प्राणायाम होता. रचनाकाराला तो स्वाभाविक वाटत होता. नवख्या माणसाला मात्र आपण दोन टप्प्यांपैकी कितव्या टप्प्यात आहोत, याचाच पत्ता लागत नसे.

१३/
चित्रफिती घेऊन सचमन बसल्या आणि त्यांनी कागदावर चार रकाने आखले. पहिल्या रकान्यात माणसांचे असे बोलणे-वागणे, जे यंत्राला कळणे शक्यच नाही. दुसऱ्यात माणसांची अशी कृती, जी यंत्राला जाणवते. तिसऱ्यात यंत्राने माणसांना काय दाखवले. चौथ्यात त्यामागचा रचनाकाराचा हेतू. या साध्या तक्त्याला या विषयाच्या इतिहासात मोठे मोल आहे.

१४/
तक्ता भरताच विषमता उघडी पडली. पहिला रकाना गजबजलेला : प्रश्न, शंका, 'हे नव्हे, ते' असे बोट दाखवणे, चुकीचे अंदाज, एकमेकांना समजावणे. दुसरा रकाना जवळजवळ रिकामा : झाकण बंद झाले, बटण दाबले गेले, कागद ठेवला गेला. यंत्र माणसांशी 'संवाद' साधते असे म्हटले जात होते. प्रत्यक्षात ते किल्लीच्या छिद्रातून खोलीत डोकावत होते.

१५/
त्यातून दोन प्रकारची फसगत होई. कधी माणसे अगदी बरोबर वागत, पण यंत्राच्या प्रतिसादाचा अर्थ 'काही तरी चुकले' असा लावत आणि झालेले काम उलटे फिरवत. कधी याच्या विरुद्ध घडे : माणसे चुकत, परंतु त्यांची कृती योगायोगाने यंत्राच्या अपेक्षेत बसे. यंत्र निमूटपणे पुढची सूचना देई, आणि चूक उमगे ती बऱ्याच उशिरा, मागचा माग पुसला गेल्यावर. समोर जिवंत माणूस असता तर चेहऱ्यावरचा गोंधळ पाहूनच 'थांबा, काय झाले?' असे त्याने विचारले असते.

१६/
१९८७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने सचमन यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स' हे त्याचे नाव. त्यांचे प्रतिपादन असे : योजना कृतीला जन्म देत नाही, कृती करताना हाताशी असलेले ते एक साधन आहे. खळाळत्या नदीतून होडी घालणारा मनुष्य काठावर उभा राहून मार्ग ठरवतो. पाण्यात उतरल्यावर मात्र त्याला तारतात ते प्रवाहाशी जुळवून घेणारे हात. ठरवलेल्या मार्गाचा उपयोग एवढाच, की हे हात चालवायला चांगली जागा मिळावी.

१७/
ग्रंथावर टीकाही झाली. १९९३ साली 'कॉग्निटिव्ह सायन्स' या नियतकालिकात अलोन्सो वेरा आणि हर्बर्ट सायमन यांनी खंडन मांडले. परिस्थितीनुसार बदलणारी कृतीसुद्धा चिन्हांच्या हाताळणीच्या सिद्धांतात बसते, असा त्यांचा दावा. सचमन यांनी त्याच अंकात उत्तर दिले. न्यूएल यांचे सहकारी आणि १९७८ चे नोबेल मानकरी सायमन यांना लेखणी उचलावी लागली, यावरूनच एका झेरॉक्स यंत्राने उठवलेल्या वादाची व्याप्ती ध्यानात येते.

१८/
आता हिरव्या बटणाकडे. पुढे वृत्तपत्रांनी आणि व्यवस्थापनाच्या वक्त्यांनी गोष्ट सोपी केली आणि बटण मानवशास्त्राच्या खाती जमा झाले. सचमन यांनी स्वतः हा गैरसमज पुढील लेखनात खोडून काढला. त्यांचे म्हणणे असे, की कोणतेही नवे, गुंतागुंतीचे यंत्र शिकायला वेळ आणि कष्ट लागतातच. 'फक्त बटण दाबा' हे वचन ते कष्ट लपवते, आणि मग अडखळणारा माणूस स्वतःलाच मूर्ख समजू लागतो. बटण हे उत्तर नव्हते. ते दुखण्याचाच भाग होते.

१९/
बटण दाबणाऱ्यांचे हे झाले. यंत्र बिघडल्यावर ते उघडणाऱ्यांचे काय? याच केंद्रातील जूलियन ओर यांनी तो प्रश्न हाती घेतला. ओर स्वतः आधी तंत्रज्ञ होते, नंतर मानवशास्त्राकडे वळले. त्यांनी दुरुस्ती करणाऱ्यांचे प्रशिक्षण घेतले, त्यांच्यासोबत ग्राहकांकडे फेऱ्या मारल्या, न्याहारीच्या आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या गप्पा ऐकल्या. १९९६ साली त्यांचा 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हा ग्रंथ आला.

२०/
कंपनीचा समज सरळ होता : यंत्र त्रुटीचा संकेतांक दाखवील, तंत्रज्ञ पुस्तिकेत तो शोधील, दिलेल्या पायऱ्या करील, काम फत्ते. ओर यांनी नोंदवलेला एक प्रसंग पाहावा. एका यंत्राने दाखवलेला संकेतांक आणि त्याचा प्रत्यक्ष बिघाड यांचा मेळच बसेना. पुस्तिका थकली. तंत्रज्ञाने वरच्या जाणकाराला बोलावले. त्यालाही काही सुचेना. नवे यंत्र बसवून देण्याचा मार्ग होता. पण मग ग्राहकाचा विश्वास आणि स्वतःची अब्रू दोन्ही गेली असती.

२१/
मग दोघांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली. 'असेच एकदा अमुक ठिकाणी झाले होते', 'तेव्हा तमुक भाग आतून जळाला होता'. एका आठवणीतून दुसरी निघाली, प्रत्येकीवरून एखादी चाचणी सुचली. सुमारे पाच तासांच्या खटपटीत डझनभर गोष्टी झाल्या आणि अखेर विस्कळीत लक्षणांची एक सुसंगत कहाणी जुळली, बिघाड सापडला. तीच कहाणी पुढे उपाहारगृहात इतर तंत्रज्ञांना सांगितली गेली आणि सर्वांच्या मालकीची झाली.

२२/
हिशेबाच्या वहीत असल्या गप्पा म्हणजे वाया गेलेला वेळ. ओर यांनी दाखवले, की हाच तंत्रज्ञांचा खरा ज्ञानसाठा. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे तोही लिहिला गेला नव्हता. तोंडातोंडी फिरत होता. पुढे डेन्व्हर भागातील तंत्रज्ञांना परस्परांशी बोलण्यासाठी रेडिओ देण्याचा प्रयोग झाला. गप्पा बंद करण्याऐवजी त्यांना वाट करून देणारा हा निर्णय.

२३/
पार्कमधील कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक डॅनियल बॉब्रो आणि सहकाऱ्यांनी आधी बिघाड ओळखणारी बुद्धिमान प्रणाली रचली होती. पण तंत्रज्ञांना छळत होते ते पुस्तिकेत नसलेले बिघाड. तेव्हा दिशा बदलली. १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये 'युरेका' नावाची प्रणाली उभी राहिली. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहावी, अनुभवी तंत्रज्ञांनी ती तपासावी, मग ती सर्वांना मिळावी. युक्तीला पैसे द्यावेत का, असा प्रश्न निघाला. तंत्रज्ञांनी पैसे नाकारले. त्यांनी मागितले ते युक्तीखाली स्वतःचे नाव.

२४/
काम न पाहता यंत्रणा उभारल्याची किंमत किती असू शकते, हे याच दशकात लंडनने अनुभवले. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तिथल्या रुग्णवाहिका सेवेने गाड्या पाठवण्याचे काम संगणकाकडे सोपवले. कोणती गाडी कुठे आहे आणि काय करते आहे, याची जवळजवळ निर्दोष माहिती सतत मिळत राहील, यावर प्रणालीचा डोलारा उभा होता. तशी माहिती येईना. संदेश साचत गेले, गाड्या उशिरा पोहोचू लागल्या, आणि काही दिवसांतच पुन्हा कागदाकडे वळावे लागले. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालाने हे दोष नोंदवले.

२५/
याउलट उदाहरणही ब्रिटनमधलेच. लंडनवरील आकाश सांभाळणाऱ्या वेस्ट ड्रेटनच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जाऊन बसले : जॉन ह्यूज, डेव्हिड रँडॉल, डॅन शपिरो. सोबत इयन समरव्हिल यांच्यासारखे संगणकशास्त्रज्ञ. नियंत्रकासमोर रडार असे, आणि त्याच्या शेजारी कागदी पट्ट्यांची चळत. प्रत्येक विमानाची एक पट्टी. तिच्यावर उंची, मार्ग, वेळ, आणि नियंत्रकाने पेनाने केलेले फेरफार.

२६/
अभियंत्यांना वाटे, पट्ट्या हाताने लावण्यात वेळ जातो. संगणकाने त्या आपोआप क्रमाने लावाव्यात. क्षेत्रकार्यात दिसले ते असे : पट्टी हातात घेऊन जागी बसवताना नियंत्रक त्या विमानाची दखल घेतो, आधीच्या विमानांशी ताडून पाहतो. धोक्याची शंका आली तर ती पट्टी किंचित तिरकी ओढून ठेवतो. शेजारचा सहकारी एका नजरेत इशारा ओळखतो. पट्ट्या लावणे हा लक्ष देण्याचाच एक प्रकार होता. तो वाचवला असता तर वेळेबरोबर लक्षही गेले असते.

२७/
महाराष्ट्राचाही या इतिहासात एक धागा आहे. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात गावोगावी संगणक केंद्रे उघडली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, शासकीय माहिती असे सारे काही शेतकऱ्याच्या दारी येणार होते. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी तिथे जाऊन प्रत्यक्ष वापर पाहिला.

२८/
स्वप्नापेक्षा वास्तव आटोपशीर होते. अनेक संगणक धड चालत नव्हते, आणि चालत होते त्यांच्यावर मुख्यत्वे उसाच्या कारभाराची माहिती कारखान्याशी देवाणघेवाण होत होती. एवढ्या कामाला संगणक कशाला? अभ्यासकांनी तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर आणले. सात गावांत आठ महिने प्रयोग चालला. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्यांना अधिक सोयीचा वाटला. जगात सर्वत्र 'अधिक संगणक' हे प्रगतीचे माप असताना इथे गावात जाऊन पाहिल्यामुळे 'कमी' हे उत्तर सापडले.

२९/
या यशाला दुसरी बाजूही आहे. १९९५ साली सचमन यांनी एका लेखात बजावले, की काम दृश्यमान करणे हे दुधारी शस्त्र आहे. एका विधी कार्यालयातील वकिलांना कागदपत्रांची नोंदणी हे बिनडोक काम वाटत होते; अभ्यासकांना त्यात पदोपदी निर्णय दिसले. असे लपलेले कौशल्य उजेडात आल्याने प्रतिष्ठा मिळू शकते. पण तेच वर्णन त्या माणसावर पाळत ठेवायला किंवा त्याची जागा यंत्राला द्यायलाही वापरता येते. वर्णन कोण करतो आणि ते कोणाच्या हाती जाते, यावर सारे अवलंबून.

३०/
पुढे कंपन्यांनी या पद्धतीचा उत्साहाने स्वीकार केला. १९९८ साली मानवशास्त्रज्ञ जेनेव्हिव्ह बेल इंटेलमध्ये रुजू झाल्या; २००५ पासून उद्योगांतील एथ्नोग्राफरांची स्वतंत्र परिषद भरू लागली. पण स्वीकारात संकोचही झाला. अभ्यास किती खोल, यापेक्षा 'यातून रचनेसाठी काय सूचना निघतात?' एवढेच विचारले जाऊ लागले. २००६ साली पॉल डुरिश यांनी या सवयीवर कठोर टीका केली. सचमन तोवर पार्क सोडून लँकेस्टर विद्यापीठात गेल्या होत्या.

३१/
हिरव्या बटणाची दंतकथा लोकप्रिय का झाली, याचे उत्तर इथे आहे. तिच्यात एक हुशार निरीक्षक असतो, एक चतुर सूचना असते आणि सगळे प्रश्न सुटतात. खऱ्या इतिहासात गोंधळलेले विद्वान आहेत, उपाहारगृहात रंगलेल्या गप्पा आहेत, तिरकी ओढलेली कागदी पट्टी आहे आणि लघुसंदेशावर भागणारा उसाचा हिशेब आहे. त्यातली बहुतेक माणसे 'वापरकर्ते' किंवा 'कर्मचारी' एवढ्याच नावाने नोंदली गेली.

३२/
फ्रान्समधल्या तंत्रज्ञांनी पैसे नाकारून युक्तीखाली नाव मागितले होते, ते याच कारणासाठी. यंत्र चालते ते कोणाच्या जाणतेपणावर, याची नोंद त्यांना हवी होती. पुढच्या वेळी झेरॉक्सच्या दुकानात पुस्तक उताणे ठेवून, एका हाताने कणा दाबत, दुसऱ्या हाताने पाठपोट प्रती झरझर काढणारा माणूस दिसला, तर त्याच्या हातांकडे क्षणभर पाहावे. हिरवे बटण तिथेही असेल. बाकीचे सारे तो माणूस करत असतो.

(समाप्त)